रुक्मिणीचा वज्रलेप

हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी वाडी झोपेत चालल्यासारखी चालते. डोळे उघडे, पाय आपोआप पडणारे, ओठांवर नाम. चुलवणांचा धूर मंडपाच्या कनातींना धरून सावकाश वर चढत होता, तुपात बुंदी पडत होती, आणि या सगळ्याच्या खाली, जमिनीत कुठं झरा असावा तशी, वीणेची एकच तार वाजत होती. पहिल्या दिवशी गळ्यात पडलेली वीणा अजून भुईला लागली नव्हती. तशी रीतच आहे. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या; मग तो सासरा असो की सून, मालक असो की सालगडी. वीणेपुढं थोरला-धाकटा कुणी नसतो.

देवळामागच्या लिंबाखाली सुलेखा विळी घेऊन वांगी चिरत बसली होती. काल्याच्या कीर्तनाला वीणा तिच्याकडं. सासरे गेल्यापासून हा मान तिचा होता, आणि दरवर्षी संभाजीनगरच्या मुकुंदवाडीहून ती त्यासाठीच वाडीला यायची. तोवर हाताला काही काम असावं म्हणून इथं येऊन बसली, आणि फसली. कारण आदल्या संध्याकाळी तिनं घरात सांगितलं होतं, आणि आज घरातल्या प्रत्येकाला त्यावर काहीतरी म्हणायचं होतं.

सांगितलं होतं ते एवढंच. डाव्या छातीत गाठ आहे. एक नाही, दोन-तीन ठिकाणी आहे, म्हणून नुसती गाठ काढून भागणार नाही. उद्या सोमवारी संभाजीनगरच्या दवाखान्यात दाखल व्हायचं, आणि डावी बाजू पुरती काढून टाकायची. आजार लवकर सापडलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, माणूस वाचतं.

इथवर सगळ्यांनी डोळे पुसत ऐकलं होतं. भानगड पुढच्या गोष्टीनं केली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, काढल्यावर तसंच सपाट ठेवायचं, की त्याच वेळी पोटाचं मांस आणि चरबी घेऊन नवा स्तन घडवायचा? "दोन्ही बरोबर आहे," त्या म्हणाल्या होत्या, "पण तुमचं तुम्ही ठरवा. घडवायचा असेल तर दुसरे सर्जन बोलवावे लागतात. रविवार दुपारपर्यंत कळवा."

आज रविवार होता.

"मी काय म्हणते," थोरली जाऊ सुरेखा कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाली, "जीव वाचला, गंगेत घोडं न्हालं. ते घडवायचं-बिडवायचं काहून? टीव्हीतल्या बाया करतात तसली कामं. हौसेची."

"मोठी आई, हौसेचं वेगळं आणि हे वेगळं," मेघा म्हणाली. सुलेखाची ही एकुलती लेक कॉलेज संपवून पुण्यात नोकरीला लागली होती, आणि आल्यापासून हातातला मोबाईल खाली ठेवत नव्हती. "आणि हौसेनं केलं तरी कुणाचं काय जातंय?"

"दोन्हीला चिरायचंच ना पण?"

"मोठी आई!"

"बरं बाई, नाय बोलत. पण उद्या गल्लीतल्या बाया म्हणतील, कॅन्सर झाला तरी हिची मिजास गेली नाय."

सासूबाई आवडाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता निकाल दिला. "आता काय लेकरू पाजायचंय व्हय तिला? मेघी घोड्याएवढी झाली. ज्याचं काम संपलं ते गेलं. देवानं दिलं, देवानं नेलं. वरून पोट कशाला फाडायचं खामखा?"

"आई, तू ह्यांचं कुणाचं ऐकू नको," मेघा म्हणाली. "तू करून घे. मी सगळं वाचलंय. हे बघ फोटो."

"ह्यांचं नको ऐकू आणि तुझं ऐकू?" सुलेखा म्हणाली.

सुरेखाला खुदकन हसू आलं. मेघाचं तोंड एवढंसं झालं. सुलेखानं वांग्याचं देठ काढून तिच्याकडं फेकलं, म्हणजे राग नाही असं. पण खरं सांगायचं तर तिला राग आला होता. तिच्याच छातीवरनं तिच्याचसमोर अशी बोलणी चालली होती, जशी सोयरीक जमवताना पोरीला पोहे घेऊन उभं करतात आणि बोलतात मात्र भिंतीशी.

आणि तिला स्वतःला काय हवं होतं? हे कुणी विचारलं नव्हतं, ते एक बरंच होतं. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत तिनं उभी हयात ब्लाउज शिवण्यात घालवली होती. किती बायांच्या छातीभोवती तिची टेप फिरली असेल, देवच जाणे. कुणाच्याच दोन्ही बाजू सारख्या नसतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? बाया तिच्यासमोर लाजत, हसत, मग हळूच सांगत, "जरा इथं कापडाची पाचर टाक गं, बरोबर बसंल असं कर." ती तसं करून द्यायची. कधी कुणाला मिजासखोर म्हटलं नव्हतं. गेल्या काही दिवसांत तिला सारखं एकच स्वप्न पडत होतं: आरशासमोर उभी राहून ती स्वतःलाच टेप लावतेय, आणि टेप डावीकडं गेली की पाण्यात बुडाल्यासारखी नाहीशी होतेय.

सुलेखाचा नवरा साहेबराव आला तो हातात कणकेचा गोळा घेऊन. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक तो चालता चालता मळत होता. शेंद्र्याच्या कंपनीत सहा दिवस यंत्रापुढं उभा राहणारा हा माणूस पखवाज पुढ्यात आला की वेगळाच दिसायचा.

"तुम्ही लोक अजून तेच बोलताय?" तो म्हणाला. "ते मिटलंय. मघाशी डॉक्टरीणबाईंचा फोन आलता माझ्याकडं. मी सांगून टाकलं."

विळीवरचा सुलेखाचा हात थांबला. "काय सांगितलं?"

"नको म्हणून." तो समाधानानं हसला. "म्हटलं, बाई, आमची मंडळी माळकरी आहे. विणेकरी आहे. तिला देहाचं काय? लोकांच्या बायांना असंल त्याची फिकीर, हिला नाय."

"बघ," आवडाबाई म्हणाल्या, "माझं लेकरू शहाणं."

सुरेखानं मान डोलावली. मेघा उठून निघून गेली. सुलेखा नवऱ्याकडं बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत खोट नव्हती, उलट आदरच होता. त्यानं तिला इतक्या उंच नेऊन बसवलं होतं, आणि खाली उतरायला शिडीच ठेवली नव्हती.

"वीणेची वेळ झाली," एवढंच ती म्हणाली.

*

तोवर वीणा धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कडुबांनी ती उतरवली, सुलेखाच्या गळ्यात घातली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं त्यांच्या पायांना लावला. वीणेचा भोपळा छातीच्या डाव्या अंगाला येऊन टेकला, दरवर्षीसारखा, जणू त्याची तिथं जागा राखून ठेवलेली होती. ही वीणा सांडूबाबांची, म्हणजे सुलेखाच्या आजेसासऱ्यांची. किती माणसांच्या घामानं तिचं लाकूड काळं-तुकतुकीत झालं होतं. तिनं तार छेडली आणि ती गुणगुण कातडीतून आत शिरली. आत ती गाठीलाही लागत असणार. सुलेखाला वाटलं, बिचारी गाठ. तिलाही शेवटचं हरिनाम ऐकू दे.

मंडप भरला. करमाडहून, लासूर स्टेशनहून सोयरे-धायरे आले होते. कीर्तनकार महाराज उभे राहण्याआधी काकासाहेबांनी माईक हातात घेतला. सुलेखाचे हे थोरले दीर सप्ताहाचे अध्यक्ष, आणि माईकवर सांगितल्याखेरीज देवाला काही ऐकूच जात नाही असा त्यांचा पक्का समज. बैल आजारी पडला की माईकवर. पंप जळाला की माईकवर. कुणाची चप्पल बदलून गेली तरी माईकवर.

"राम कृष्ण हरी, मंडळी," काकासाहेब म्हणाले. "आजची बुंदीची पंगत आमच्या घरची. आणि एक विनंती. आमच्या घरची धाकली सून, सुलेखाबाई, जी आज वीणा घेऊन हितं तुमच्यापुढं उभी आहे, तिचं उद्या संभाजीनगरला छातीचं ऑपरेशन आहे. कॅन्सरचं. एक बाजू पूर्ण काढणार आहेत. तरी समस्त भाविकांनी तिच्यासाठी हात जोडून विठ्ठलाचं नाव घ्यावं!"

भोंगा देवळाच्या कळसाला बांधलेला होता. शब्द वाडीवरून, शेतांवरून, जालना रस्त्यावरच्या ट्रकांपर्यंत गेले असतील.

मंडपातल्या सगळ्या नजरा एकदम तिच्या छातीवर येऊन पडल्या, आणि तितक्याच घाईनं खाली गेल्या. सुलेखाला पदर ओढून घ्यावासा वाटला, पण एक हात वीणेच्या दांडीला, दुसरा तारेवर. पळून जावंसं वाटलं, पण वीणा भुईला ठेवता येत नाही आणि तार थांबवता येत नाही. ती तिथंच उभी राहिली. बोट तारेवर पडत राहिलं. पुढं बसलेला साहेबराव पखवाजावर हात ठेवून पांढराफटक पडला होता.

मग शेकडो हात जोडले गेले आणि नाव उठलं. विठ्ठल, विठ्ठल. ते इतकं मोठं, इतकं आपुलकीचं होतं की रागावायचीही सोय राहिली नाही. सुलेखाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, आणि ते लाजेचं की मायेचं, तिला निवडता येईना.

महाराज जाणते होते. त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि निरूपणाचा रोख वळवला. "देह म्हणजे काय मंडळी? भाड्याची खोली! मालक म्हणला खाली करा की वळकटी उचलायची. मग भाडेकरू कधी खोलीला रंग देतो का? पदरचं घालून भिंत दुरुस्त करतो का?" लोक हसले, मान डोलावू लागले. टाळ खणखणले. महाराज तिला धीरच देत होते. वीणेच्या गुणगुणीत त्यांचे शब्द दुरून आल्यासारखे, पाण्याखालून आल्यासारखे पोचत होते.

सुलेखाची नजर गाभाऱ्याकडं गेली. समईच्या उजेडात रुक्मिणी उभी होती.

दोन वर्षांमागं ही रुक्मिणी अशी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुधा-दह्यानं, मधानं आणि साखरेच्या घासण्यानं मूर्ती झिजून गेली होती. नाक बसलेलं, एक कान गेलेला, छाती घासून सपाट. तेव्हा याच काकासाहेबांनी घरोघरी फिरून वर्गणी गोळा केली आणि वज्रलेपाला माणूस आणला. झिजलेल्या मूर्तीवर लेप चढवून तिला पुन्हा घडवणारा कारागीर. त्यानं विचारलं होतं, "जुना फोटो आहे का? मूळ रूप कसं होतं?" फोटो कुठला असणार? देवीला एकादशीच्या एकादशीला न्हाऊ घालणाऱ्या घरच्या बायांनाच काय ते ठाऊक. नाक कसं, हनुवटी कशी, ते आवडाबाईंनी सांगितलं. आपल्या सासूच्या हाताखाली पहिल्यांदा मूर्ती चोळली तेव्हाचं त्यांच्या बोटांना याद होतं. पण कारागिरानं छातीवर हात ठेवून विचारलं, "इथं किती?" तेव्हा आवडाबाईंनी पदर तोंडात धरला. मग सुलेखा पुढं झाली होती. सासूचा हात हातात घेऊन तिनं तो मूर्तीपुढं, हवेतच, धरला. "इथवर होती का, आत्याबाई? का इथवर?" आवडाबाईंची बोटं हळूहळू वाकली, भरली, थांबली. "इतकी," सुलेखानं कारागिराला सांगितलं. आयुष्यभर बायांची मापं घेतलेल्या बाईनं देवीचं माप दिलं.

आणि पडदा सरला त्या दिवशी हीच सगळी वाडी हमसून हमसून रडली होती.

तार वाजत राहिली. धूप दाटला. सुलेखाला आता मंडप दिसत नव्हता. तिला वाटलं, आपण गाभाऱ्यात उभ्या आहोत आणि रुक्मिणी इथं, वीणा घेऊन. आपल्या अंगावरून दूध वाहतंय, दही वाहतंय, साखर घासली जातेय, आणि कुणीतरी खूप जुन्या, खडबडीत हातानं हवेत माप धरलंय. इतकी होती. इतकी. त्या हातात दया नव्हती, की लाज नव्हती. नुसती आठवण होती. रुक्मिणी तिकडून बघत होती, आणि तिचं बघणं एखाद्या गिऱ्हाइकासारखं होतं, माप घेताना आधी लाजून मग हळूच हसणाऱ्या बाईसारखं. बरोबर बसंल असं कर गं.

मला हवंय, सुलेखाच्या मनात आलं. इतकं साधं, तहान लागल्यासारखं. आणि ते देवासमोर आलं म्हणून तिला भीती वाटली नाही.

*

काला झाला. दह्याची हंडी फुटली, पोरं भिजली, पंगती बसल्या. वीणा अजून सुलेखाच्याच गळ्यात होती; शेवटच्या मानकऱ्याची वीणा घरच्या माणसानं उतरवून गाभाऱ्याच्या खुंटीला लावायची असते. घरची माणसं सभामंडपात जमली. काकासाहेब घामानं निथळत, उजळलेल्या चेहऱ्यानं आले.

"बघितलं का सुलेखाबाई? अख्ख्या वाडीनं नाव घेतलं!"

"घेतलं, डोंबल तुमचं!" सुरेखा उसळली. सकाळपासूनचा तिचा सूर पार पालटला होता. "बाईमाणसाची झाकली गोष्ट भोंग्यावर सांगतंय व्हय कुणी? बाया माझ्यापाशी येऊन विचारायल्या, कोणती बाजू, डावी का उजवी! मला मेल्याहून मेल्यागत झालं, तिला काय झालं असंल?"

"मी तर तिच्या भल्यासाठीच…" काकासाहेबांचा चेहरा उतरला. "चुकलं का गं माझं?"

"दादा," सुलेखा म्हणाली. थोरल्या दिराशी ती सहसा समोरासमोर बोलत नसे. "एक विचारू? रुक्मिणीला वज्रलेप कशाला केला?"

काकासाहेब गोंधळले. "कशाला म्हंजे? झिजली होती मूर्ती. बघवत नव्हतं."

"देवच ना ती? झिजल्यानं तिचं देवपण कमी झालं होतं का?"

"नाय. पण…" त्यांनी मूर्तीकडं बघितलं. "ती अशी नव्हती ना मूळची. कसंतरी वाटायचं. आपली माय अशी उभी आहे, आणि आपण नुसतं बघतोय."

"ती हौस होती का?"

बाहेर पंगतीत कुणीतरी आमटी मागत होतं.

"देवाचं वेगळं असतं, बाई," आवडाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात सकाळचा निकाल नव्हता.

"वेगळंच असतं, आत्याबाई. देवीला झिजल्याचं दुखत नाही. मला दुखेल. मलाही बघवणार नाही." सुलेखानं तार छेडायची थांबवली नव्हती, त्या गुणगुणीवरच ती बोलत होती, म्हणून की काय शब्द अडले नाहीत. "मी माळकरी आहे, खरं आहे. पण मला हवंय. मेघा म्हणते म्हणून नाही, कुणाला दाखवायला नाही. मलाच हवंय."

मेघाचा हात तोंडावर गेला. आवडाबाई मूर्तीकडं वळल्या. मग त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि बोटांकडं बघितलं. दोन वर्षांमागं सुलेखानं धरला होता तोच हात.

"पोट फाडायचं म्हंजे," त्या पुटपुटल्या, "दोन-तीन महिने तुला वजन उचलू देणार नाहीत. पाणी मी भरीन तिकडं येऊन. मुकुंदवाडीला नळाची लई बोंब आहे."

"आत्याबाई, तुमचं गुडघं…" सुरेखा म्हणाली.

"माझ्या गुडघ्याचं मला बघू दे. तू डबे पाठव."

साहेबराव एवढा वेळ खांबाला टेकून उभा होता. हाताला वाळलेली कणीक लागली होती, ती तो नखानं खरवडत होता. तो पुढं आला. "सुलेखा," तो म्हणाला. मग त्यानं दोन्ही हातांनी वीणा तिच्या गळ्यातून उतरवली. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या गळ्यातून वीणा कधी उतरवली नव्हती. त्याचं काम पखवाजाचं. वीणा खांद्याशी धरून तो वाकला आणि तिच्या पावलांना हात लावला. रीतच होती ती. पण रीतीला एवढा वेळ लागत नाही. तो वाकलेलाच राहिला, आणि सुलेखाला वाटलं, वरून खाली यायला आपल्याला शिडी मिळाली.

ती वाकली आणि तिनंही त्याच्या पायांना हात लावला.

"मला वाटलं तुला…" तो उठत म्हणाला.

"मला ठाऊक आहे तुम्हाला काय वाटलं."

"डॉक्टरीणबाईंना काय सांगू आता?"

"तुम्ही नका सांगू. फोन द्या."

डॉक्टरीणबाईंनी लगेच उचलला. मागं भांड्यांचा आवाज होता, त्याही जेवत असाव्यात. "बोला, सुलेखाताई. मिस्टर म्हणाले, नको आहे म्हणून."

"त्यांचं त्यांनी सांगितलं, मॅडम. मी माझं सांगते. नवा घडवायचा. माझ्याच अंगातला."

"चालेल. मी सर्जनना कळवते. उद्या सकाळी ते तुम्हाला उभं करून खुणा करतील." त्या पुढं म्हणाल्या, "काही बायका जरा लहान करून घेतात, काही मोठा. तुमच्या मनात काही आहे का? किती ठेवायचा?"

सुलेखा गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेली. साहेबरावानं नुकतीच खुंटीला लावलेल्या वीणेची तार अजून हलत होती. समईच्या उजेडात रुक्मिणीच्या छातीवरचा लेप दुधासारखा दिसत होता. सुलेखानं मोकळा हात हवेत धरला, बोटं हळूहळू वाकवली, भरली, थांबवली.

"उजवा आहे तेवढाच, मॅडम," ती म्हणाली. "वीणा टेकेल इतका."